दुसरा रकाना

त्या दिवशी दुपारी वारा वाढला आणि वीज गेली. पुढे आठवडाभर लोक एकमेकांना हेच विचारत होते, की डोंगरावर एवढ्या पवनचक्क्या उभ्या केल्यात, वारा सुटला की वीज वाढायला हवी, मग गेली कशी? प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर एका कागदावर लिहिलेलं होतं, आणि तो कागद सकाळी साडेनऊपासून कंट्रोल रूमच्या मुख्य टेबलावर चहाच्या कपाखाली पडून होता.

कंट्रोल रूम तळमजल्यावर होती. तिला खिडकी नव्हती. एका भिंतीवर सगळ्या भागाच्या विजेचा नकाशा आणि त्याच्यावर लाल दिव्यांत एकच आकडा: फ्रिक्वेन्सी. ती पन्नासवर ठेवायची, एवढंच त्या खोलीचं काम. लोकांनी जेवढी वीज ओढली तेवढीच त्या क्षणी तयार झाली, तर आकडा पन्नासवर राहतो. कमी झाली तर तो खाली येतो, आणि फार खाली आला तर यंत्रं माणसांना न विचारता एकेक भाग तोडायला लागतात.

दिवसपाळीचे प्रमुख तिथे एकतीस वर्षं होते. खोलीत पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "पन्नास आहे ना?" त्यामुळे त्यांचं नाव पन्नाससाहेब पडलं होतं. निवृत्तीला अकरा आठवडे उरले होते. शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरला सगळे तोफ म्हणत, कारण तो कुजबुजला तरी जिन्यात ऐकू जायचं.

वाऱ्याचा अंदाज रोज सकाळी विंड फार्मवरून तक्त्यात यायचा. पहिल्या रकान्यात दर तासाला किती मेगावॉट मिळतील तो आकडा. दुसऱ्या रकान्याचं नाव 'वाऱ्याचे झोत'. एकोणीस वर्षं तो तक्ता एकाच माणसाने भरला होता. त्यांना सगळे वारेकाका म्हणत. दुसऱ्या रकान्यात ते पहिल्या ओळीत 'सामान्य' लिहायचे आणि खाली शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढत न्यायचे. खरोखरची काळजी असली, की मग फोन. वर्षातून तीन-चारदा. "आज म्हाताऱ्याला झोपवू नका," एवढं बोलून ठेवून द्यायचे.

म्हातारा म्हणजे कोळशावर चालणारा जुना संच. तो मंद आचेवर फिरत ठेवला, तर गरज पडताच मदतीला धावायचा. पूर्ण बंद केला, तर पुन्हा जागा व्हायला आठ तास. शिवाय त्याच्या फिरत्या चाकाचं वजन शेकडो टन. वीज अचानक कमी पडली तरी ते चाक लगेच मंदावत नाही, आणि तेवढ्यात माणसाला हात-पाय हलवायला वेळ मिळतो. डोंगरावरच्या पवनचक्क्या ग्रिडला इलेक्ट्रॉनिक यंत्रांमधून जोडलेल्या होत्या. त्या वीज देत, हे वजन देत नसत.

वारेकाका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी पन्नाससाहेबांची मुलगी आली. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन आली. तरी तोफेने पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, आता वारासुद्धा घरचाच का?" खोलीत सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्या दिवसापासून फोनवर ती "नियंत्रण केंद्र, विंड फार्म बोलतेय" म्हणायची, आणि ते तिला "आपण" म्हणायचे. घरी ती चिमी होती.

तिचे आकडे इतके अचूक यायचे की तोफेने ते आठवडाभर प्रत्यक्ष विजेशी ताडून पाहिले आणि मग नाद सोडला. पण एक विचित्र गोष्ट सुरू झाली. दुपारी ऐन वाऱ्यात कंट्रोल रूममधून तिला निरोप यायचा, की चक्क्या कमी करा, ग्रिडमध्ये जागा नाही. रोज. चार महिने तिने हे पाहिलं. पाचव्या महिन्यात तिला वारेकाकांच्या खणात एक वही सापडली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बाबा, माझ्या आकड्यातून तुम्ही काही वजा करता का?"

साहेबांचा हात ताटातच थांबला. "सगळेच करतात. त्याला काट म्हणतात. वाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे मला माझ्या साहेबांनी शिकवलं."

"किती?"

"दहाला एक. पेन्सिलने लिहितो, शाईने नाही."

"वारेकाका दहाला एक वाढवून पाठवायचे. वहीत लिहिलंय. खरा आकडा वेगळा, तुम्हाला पाठवायचा वेगळा."

साहेब ताटाकडे बघत राहिले. तिची आई मात्र हसायला लागली. "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना फसवत होतात, आणि आमच्याकडे वीज बरोबर येत होती?"

"फसवणं नाही ते," साहेब म्हणाले.

"मग काय? भेटलात की गळ्यात गळे. आणि ही खरं सांगतेय तर हिच्यावर काट!"

"खरं सांगते, म्हणूनच चुकतंय," मुलगी म्हणाली. "मी वाढवत नाही, आणि तुम्ही कापताय. मग म्हाताऱ्याला उगाच फिरवत ठेवावं लागतं आणि माझ्या चक्क्या बंद कराव्या लागतात. एक तर मी खोटं बोलायला शिकते, नाही तर तुम्ही काट सोडा."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. "सोडतो," ते म्हणाले. "उद्यापासून."

ती उठता उठता थांबली. "आणि कधी शंका आली, तर फोन करू ना?"

"फोन नको. ती लाइन रेकॉर्ड होते. बाप-लेकीचं आपसांत चाललंय, हे म्हणायला लोकांना एक फोन पुरतो. जे असेल ते तक्त्यात लिही. कागदावर असलं की कुणाच्या बापाला बोलता येत नाही."

"तुमच्यासकट?" ती म्हणाली, आणि आई पुन्हा हसली.

यानंतर अकरा दिवस सगळं सुरळीत चाललं. नोंदवहीत तिच्या आकड्याखाली पन्नाससाहेब पेन्सिलने शून्य लिहीत. काट शून्य. चक्क्या पूर्ण फिरत होत्या.

बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला तक्ता आला. दुपारी बाराला पाचशे चाळीस, दोनला पाचशे नव्वद, तीनला सहाशे दहा. एकूण मागणीच्या जवळपास तिसरा हिस्सा. साहेबांनी आकडे नोंदवहीत उतरवले, खाली शून्य घातलं आणि तक्त्यावर कप ठेवला.

"म्हाताऱ्याला आज सोडू या," ते म्हणाले.

तोफेने मान वर केली. "खरंच झोपवायचं?"

"आकडा पक्का आहे. एवढा वारा असताना त्याला जागा कुठे आहे?"

"आकडा पक्का आहे हो. मी आपलं विचारलं."

दहा चाळीसला जुना संच ग्रिडपासून सुटला.

दुपारी दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी फोन वाजला. हे संभाषण रेकॉर्डिंगमध्ये आहे, एक मिनिट दहा सेकंदांचं.

"नियंत्रण केंद्र, विंड फार्म बोलतेय. पश्चिमेची पहिली रांग बंद होतेय. झोत नव्वदच्या वर गेलेत."

"बंद म्हणजे? आपण बंद केली?"

"आपोआप. ताशी नव्वद किलोमीटरच्या वर चक्की स्वतःला थांबवते, नाहीतर मोडेल. दुसरी रांगही जाईल. साहेब, जुना संच आहे ना?"

"नाही."

"पण मी दिलं होतं."

"काय दिलं होतं?"

"दुसऱ्या रकान्यात. दोन वाजल्यापुढे. झोत पंचाण्णव."

यानंतर रेकॉर्डिंगमध्ये कागद ओढल्याचा आवाज आहे, आणि कप आडवा झाल्याचा. मग साहेब म्हणतात, "ठीक आहे," आणि फोन ठेवतात.

वाऱ्याची वीज उतरू लागली: सहाशे पाच. पाचशे साठ. चारशे सत्तर. तोफ धरणावरच्या वीजघराला ओरडून सांगत होता, "दोन्ही मशीन पूर्ण! पूर्ण म्हणजे पूर्ण!" धरणाने दोन मिनिटांत एकशे वीस मेगावॉट दिले. त्यांच्याकडे तेवढेच होते. शेजारच्या ग्रिडची लाइन आधीच भरलेली होती. भिंतीवरचा लाल आकडा एकोणपन्नास पूर्णांक आठवर आला, मग सहावर. म्हाताऱ्याचं चाक फिरत असतं तर आकडा इतक्या वेगाने घसरला नसता, आणि मोठ्या कारखान्यांना फोन करून त्यांचा भार उतरवून घेता आला असता. साहेबांनी तीन कारखान्यांना फोन लावले. दुसऱ्याने फोन उचलला तेव्हा आकडा एकोणपन्नास पूर्णांक दोन होता, आणि यंत्रांनी तोडायला सुरुवात केली.

तीन वाजून एका मिनिटाने शहराचा तिसरा हिस्सा अंधारात गेला. दुपार असल्याने अंधार म्हणण्यासारखं काही नव्हतं; पंखे थांबले, सिग्नल गेले, लिफ्ट अडकल्या. शेहेचाळीस मिनिटांनी सगळं परत आलं. पन्नाससाहेबांनी नोंदवहीत वेळा लिहिल्या. अक्षर नेहमीसारखंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की एका इमारतीच्या बाहेरच्या बाजूने नवव्या मजल्यावर एक रंगारी दोरांना टांगलेल्या, विजेवर चालणाऱ्या पाळण्यात होता. वारा वाढला म्हणून तो खालीच येत होता. वीज गेली आणि पाळणा तिथेच अडकला. हाताने उतरवायचा दांडा गंजलेला होता. वाऱ्याने पाळणा भिंतीवर आपटत राहिला. उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत तीन ठिकाणी मोडला.

चौकशी समिती तीन जणांची होती. अध्यक्ष बाई दुसऱ्या विभागातून आल्या होत्या. तोफेला आतली बातमी कळायला दोन दिवस लागले. तो साहेबांजवळ येऊन, त्याच्या मानाने हळू, म्हणाला, "नियमात आहे, विशेष परिस्थिती असेल तर अंदाज देणाऱ्याने फोनवर कळवावं. दुसरा रकाना कुणी वाचत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. फोन केला नाही, म्हणून ते तिच्यावर टाकणार. तुम्ही काही करू नका, साहेब. नुसते गप्प बसा. तुमच्याकडे बोट नाहीये."

"तिच्या परिवीक्षेचे किती दिवस राहिलेत, माहीत आहे?"

"सव्वीस. मी मोजलेत." तोफ खाली बघत म्हणाला. "त्यांना काही सिद्धसुद्धा करायला नको. कायम करत नाही म्हणाले, की झालं."

त्या संध्याकाळी मुलीने स्वतःच आपला जबाब वाचून दाखवला. छोटा होता. झोतांचा अंदाज तक्त्यात दिला होता. फोन करायला हवा होता, तो केला नाही. ही माझी चूक.

"का केला नाही, ते लिहिलं नाहीस," आई म्हणाली.

"ते लिहायची गरज नाही."

"गरज कशी नाही? मी इथे बसले होते. या खुर्चीत. यांनीच सांगितलं—"

"आई." ती आईकडे नव्हे, बापाकडे बघत होती. "बाबा, अकरा आठवडे राहिलेत तुमचे. एकतीस वर्षांत एक शेरा नाही. मला दुसरी नोकरी मिळेल. तुम्हाला दुसरी एकतीस वर्षं मिळणार नाहीत. कळवायचं माझं काम होतं, ते मी धड केलं नाही. एवढंच."

"एवढंच नाही ते," साहेब म्हणाले. पण पुढे काही बोलले नाहीत. ताटातलं तसंच ठेवून उठले. त्यांच्या पत्नीने झाकण घातलं आणि त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "अहो, घरात बोलला नाहीत तर चालेल. तिथे तरी बोला."

समितीपुढे त्यांना बाराव्या मिनिटाला नोंदवहीबद्दल विचारलं गेलं.

"हे आकड्याखाली पेन्सिलने काय आहे?" अध्यक्ष बाईंनी पान त्यांच्याकडे फिरवलं. "मागच्या पानांवर वेगवेगळे आकडे आहेत. आणि इथून पुढे शून्य."

"ती काट आहे."

"कसली काट?"

त्यांनी सांगितलं. दहाला एक कापणं, दहाला एक वाढवणं, एकोणीस वर्षं. समितीतल्या एकाला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घालवलं. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे नव्या अंदाजकारांनी सांगितल्यावर तुम्ही ही पद्धत बंद केलीत. आणि म्हणूनच त्या दिवशी जुना संच सोडलात."

"संच सोडण्याचा निर्णय माझा. आकडा बरोबर होता. तीन वाजायला नऊ मिनिटं असेपर्यंत तो बरोबर होता. वारा किती येणार, ते तिने पहिल्या रकान्यात सांगितलं. तो हद्दीबाहेर जाणार, ते दुसऱ्यात सांगितलं. मी पहिला वाचला. दुसरा वाचला नाही."

"तो कुणीच वाचत नाही, असं दिसतं."

"कुणीच वाचत नाही, कारण एकोणीस वर्षं त्यात एकच शब्द होता. पण मी नव्या माणसाचा आकडा खरा मानायचं ठरवलं होतं. मग त्या माणसाचा सगळा कागद खरा मानायला हवा होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नियमाप्रमाणे त्यांनी फोन करायला हवा होता. त्या तसं स्वतः लिहून देतायत."

"फोन करू नको, असं मी तिला सांगितलं होतं."

बाईंनी नोंदवही बाजूला सारली.

"कधी?"

"घरी. जेवताना. बारा दिवस आधी. बाप-लेकीचं संगनमत आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून. मला माझं नाव सांभाळायचं होतं."

"घरी काय बोलणं झालं, ते आम्हाला नोंदवता येणार नाही," दुसरे सदस्य म्हणाले. "त्याला पुरावा नाही. आणि तुम्ही वडील आहात. तुम्ही असं म्हणणारच, असं वाटू शकतं."

"वाटू दे. कामाची सूचना होती ती, मी वरिष्ठ म्हणून दिली होती. जेवताना दिली, म्हणून ती सूचना नव्हती असं होत नाही. माझ्या जबाबात लिहा. सही मी शाईने करतो."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. त्या काय लिहितात, ते साहेबांनी पाहिलं नाही. विचारलं तेव्हा प्रत्येक वाक्य तेवढ्याच शब्दांत पुन्हा सांगितलं, आणि शेवटी सही केली.

निकाल सतरा दिवसांनी आला. मुलीची परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवली. कामावरून काढलं नाही, कायमही केलं नाही. पन्नाससाहेबांवर ठपका, आणि उरलेला काळ जुन्या नोंदींच्या खोलीत. तक्त्यात रकान्यांची जागा बदलली: झोत आधी, आकडा नंतर. झोत ऐंशीच्या वर असतील तर अंदाज देणाऱ्याने फोन करायचा, आणि कंट्रोल रूमने तो शब्द न् शब्द परत वाचून दाखवायचा. पहिला फोन आला तेव्हा परत वाचायचं काम तोफेकडे होतं. विंड फार्मवर रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला, असं मुलीने घरी सांगितलं.

निकालानंतरच्या रविवारी दुपारी पन्नाससाहेब रंगाऱ्याच्या घरी गेले. पत्ता चौकशीच्या कागदांतून घेतला होता. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. रंगारी पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. साहेबांनी आपण कोण ते सांगितलं.

"म्हणजे लाइट घालवणारे तुम्ही," रंगारी म्हणाला.

"हो."

"बसा. खुर्ची एकच आहे, तिच्यावरचे कपडे खाली ठेवा."

ते बसले. बरोबर आणलेली फळं कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी मांडीवरच राहिली.

"मला एक सांगा," रंगारी म्हणाला. "पडल्या पडल्या हाच विचार करतोय. वारा वाढला तर वीज वाढते ना?"

"वाढते. एका हद्दीपर्यंत. मग चक्क्या स्वतःला वाचवायला थांबतात. सगळ्या एकदम."

"आणि हे कुणाला आधी कळत नाही?"

"कळलं होतं. माझ्या मुलीने लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही."

रंगाऱ्याने प्लास्टरचा हात उशीवर सरकवला. "दांडा गंजलेला होता," तो म्हणाला. "हाताने उतरायचा. ती काही तुमची चूक नाही."

"ती ठेकेदाराची. वीज गेली ती माझी."

"वाटून घेतलीत बरी." मग त्याने विचारलं, "मुलीची नोकरी राहिली?"

"राहिली."

"बरं झालं." त्याने प्लास्टरकडे पाहिलं. "माझी गेली. डॉक्टर म्हणतात, हात खांद्याच्या वर जाणार नाही. खांद्याच्या खाली रंगवायला लोक रंगारी कशाला बोलावतील?"

बाहेर वारा उठला होता. खिडकीचं दार आपटलं. साहेबांची नजर आपोआप वर गेली. छताचा पंखा फिरत होता. मुलगी आज कामावर होती. या वेळी फोन झालेला असेल, परत वाचून झालेला असेल, म्हातारा मंद आचेवर फिरत असेल. असेल, एवढंच त्यांना म्हणता येत होतं. त्यांच्यासमोर आकडा नव्हता.

खिडकी पुन्हा आपटली, या वेळी जोरात. रंगारी दचकला, आणि दचकल्याचा त्याला राग आला.

"जाणार का आज?" त्याने पंख्याकडे हनुवटी करून विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, तर कुणाला असणार?"

"तिला असेल."

वाऱ्याने दार तिसऱ्यांदा ढकललं. "ती खिडकी लावता का?" तो म्हणाला. "एका हाताने कडी बसत नाही माझ्याच्याने."

साहेबांनी फळं खुर्चीवर ठेवली, उठले, दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं आणि कडी बसवली. ती जुनी होती, नीट अडकत नव्हती. पंखा फिरत होता. ते कडीवर हात ठेवून तिथेच उभे राहिले.